घटक ७ : अनेक संगणकप्रणालींवर चालणाऱ्या आज्ञावलीसाठी टूलकिटची निवड

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

१. टूलकिट म्हणजे काय आणि आज्ञावलीच्या रचनेत त्याचे स्थान कोणते, हे सांगता येईल.
२. प्रमुख टूलकिटांच्या कार्यपद्धतीतील भेद स्पष्ट करता येईल.
३. देवनागरी लिपी आणि मराठी व्याकरण यांच्या आधारे टूलकिटची कसोटी घेता येईल.
४. परवाना, स्वामित्व आणि दीर्घकालीन देखभाल यांचा निवडीशी असलेला संबंध विशद करता येईल.
५. एखाद्या मराठी प्रकल्पासाठी टूलकिट निवडण्याचे सकारण टिपण लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण युनिकोड आणि मराठी मजकुराची साठवण यांचा परिचय करून घेतला. साठवलेला मजकूर वाचकाच्या डोळ्यांपुढे येतो तो पडद्यावरील खिडक्या, मेनू, बटणे आणि लेखनचौकटी यांच्याद्वारे. हा दृश्य भाग कशाच्या साहाय्याने उभारायचा, हा या घटकाचा विषय आहे.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, मराठीच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. एक उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाला वऱ्हाडी बोलीतील शब्दांचा संग्रह करावयाचा आहे, अशी कल्पना करा. विभागातील संगणकांवर विंडोज आहे, प्रयोगशाळेत लिनक्स आहे, संपादकांपैकी एकाकडे मॅक आहे. गावोगावी शब्द गोळा करणाऱ्यांकडे इंटरनेटची जोडणी नेहमी असेलच असे नाही. म्हणून तिन्ही प्रणालींवर आणि इंटरनेटविना चालणारी आज्ञावली हवी. ती तयार झाली, आणि एका प्रणालीवर ‘वऱ्हाडी’ हा शब्दच मोडका दिसू लागला, तर त्या संग्रहाच्या मुखपृष्ठावरच चूक पडेल. आज्ञावली लिहिणाऱ्याला ही चूक जाणवेलच असे नाही. मराठी जाणणाऱ्याला ती पहिल्या दृष्टिक्षेपात जाणवते. म्हणूनच ही निवड होत असताना भाषेचा जाणकार तेथे उपस्थित असणे आवश्यक आहे. हे उदाहरण आपण घटकाच्या अखेरपर्यंत सोबत ठेवू.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ टूलकिट म्हणजे काय?

प्रत्येक आज्ञावलीला बटणे, याद्या, सरकपट्ट्या, लेखनचौकटी लागतात. त्या दर वेळी मुळापासून घडवणे परवडणारे नसते. म्हणून अशा घटकांचा तयार संच वापरला जातो. या संचाला ‘टूलकिट’ म्हणतात. घर बांधणारा दारे-खिडक्या तयार आणतो, त्यातलाच हा प्रकार होय. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. घराची खिडकी पुढे बदलता येते. टूलकिट बदलायचे तर आज्ञावलीचा दृश्य भाग बहुतांशी नव्याने लिहावा लागतो. कारण टूलकिट केवळ घटक पुरवत नाही, तर काम कसे चालावे याचा क्रमही तेच ठरवते. वापरकर्त्याने कळ दाबली, माउस हलवला, खिडकी लहान केली, की त्याची वर्दी टूलकिट आज्ञावलीला देते. साहजिकच आज्ञावलीची संपूर्ण रचना त्याच्या पद्धतीने घडत जाते.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या प्रत्येक प्रणालीची घटक रेखाटण्याची पद्धत निराळी आहे. एकाच लेखनातून तिन्ही ठिकाणी चालणारी आज्ञावली निर्माण करून देणाऱ्या टूलकिटला ‘बहुमंचीय’ टूलकिट म्हणतात.

७.२.२ दोन मार्ग

बहुमंचीय टूलकिटे सामान्यतः दोनपैकी एका मार्गाने जातात.

पहिला मार्ग : प्रणालीचे स्वतःचे घटक वापरणे. येथे टूलकिट मध्यस्थाचे काम करते. आज्ञावलीने बटण मागितले, की विंडोजवर विंडोजचे आणि मॅकवर मॅकचे बटण आणून दिले जाते. वापरकर्त्याला आज्ञावली आपल्या परिचयाची वाटते. पण जो घटक सर्व प्रणालींत समान नाही, त्याची अडचण होते.

दुसरा मार्ग : घटक स्वतः रेखाटणे. येथे टूलकिट प्रणालीकडून केवळ एक कोरी चौकट घेते आणि तीत सर्व काही स्वतः काढते. त्यामुळे सर्वत्र सारखेपणा राहतो, नवे घटक घडवण्याचे स्वातंत्र्यही मिळते. परंतु मूळ प्रणालीच्या सवयी, उदाहरणार्थ दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयींशी जोडणी, टूलकिटला स्वतः पुरवावी लागते.

जावा या भाषेच्या इतिहासात हे दोन्ही मार्ग पाहावयास मिळतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत एडब्ल्यूटी हे टूलकिट होते. ते प्रणालीचेच घटक वापरत असे. परिणामी सर्व प्रणालींत जेवढे समान, तेवढेच त्याला देता येई. या मर्यादेमुळे पुढे स्विंग हे टूलकिट आले. ते आपले घटक स्वतः रेखाटते. १९९८ मधील जावाच्या १.२ या आवृत्तीपासून ते जावाचा भाग झाले.

कोणताही एक मार्ग सर्वथा श्रेष्ठ नाही. आपल्या कामाला परिचित रूप अधिक आवश्यक की सारखेपणा, यावर उत्तर अवलंबून असते.

७.२.३ प्रमुख टूलकिटांचा परिचय

(अ) टीके : अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल या भाषेबरोबर वापरण्यासाठी हे टूलकिट घडवले. पायथन भाषेच्या मूळ संचातच ‘टीकेइंटर’ या नावाने ते उपलब्ध असल्यामुळे नवशिक्यांची पहिली ओळख बहुधा याच्याशी होते. ते लहान व शिकण्यास सोपे आहे.

(आ) डब्ल्यूएक्सविजेट्स : १९९२ मध्ये एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी याचा आरंभ केला. ते पहिल्या मार्गाने जाते. विंडोज आणि मॅकवर ते तेथील घटक वापरते. लिनक्सवर मात्र सामान्यतः जीटीके या दुसऱ्या टूलकिटचा आधार घेते. अनुवादकांच्या उपयोगाची ‘पोएडिट’ ही आज्ञावली याच टूलकिटवर उभी आहे.

(इ) जीटीके : १९९५ च्या सुमारास बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी ‘गिम्प’ ही चित्रसंपादनाची आज्ञावली हाती घेतली. आरंभी ते मोटिफ हे टूलकिट वापरत होते. पुढे त्यांनी स्वतःचेच टूलकिट लिहिले. तेच जीटीके. लिनक्सवरील ग्नोम हा डेस्कटॉप याच पायावर आहे. चौथी मुख्य आवृत्ती २०२० च्या डिसेंबरमध्ये आली. विंडोज आणि मॅकवर ते चालते, तथापि त्याचे मूळ घर लिनक्स हेच आहे.

(ई) क्यूटी : नॉर्वेतील हावर्ड नोर्ड आणि आयरिक शांबे-एंग यांनी हे टूलकिट विकसित केले. त्यांची ट्रोलटेक ही कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ मध्ये टूलकिटची पहिली जाहीर आवृत्ती आली. क्यूटी घटक स्वतः रेखाटते, पण ज्या प्रणालीवर चालत असेल तिच्या रूपाशी मिळतेजुळते घेते. केडीई हा डेस्कटॉप याच्यावर उभा आहे. मूळ भाषा सी++ असली तरी पायक्यूटी आणि पायसाइड यांच्या साहाय्याने ते पायथनमधूनही वापरता येते.

(उ) इलेक्ट्रॉन : गिटहब या कंपनीने आपल्या ‘ॲटम’ या संपादकासाठी २०१३ मध्ये याची उभारणी सुरू केली, २०१५ मध्ये त्याला ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव मिळाले. येथे पडदा वेबपानाच्या पद्धतीने लिहिला जातो आणि प्रत्येक आज्ञावलीबरोबर क्रोमियम ब्राउझरचे इंजिन जोडून दिले जाते. वेबपाने घडवणाऱ्यांना ते सुलभ वाटते. मात्र आज्ञावली छोटी असली तरी पूर्ण ब्राउझरचा भार सोबत येतो. जुन्या, कमी स्मृती असलेल्या संगणकांवर हा भार जाणवतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

रिकाम्या जागा भरा.
१. प्रणालीकडून कोरी चौकट घेऊन जावातील ________ हे टूलकिट आपले घटक स्वतः रेखाटते.
२. ‘गिम्प’ या आज्ञावलीसाठी ________ हे टूलकिट लिहिले गेले.
३. इलेक्ट्रॉनवरील प्रत्येक आज्ञावलीबरोबर ________ ब्राउझरचे इंजिन असते.

७.२.४ देवनागरीची कसोटी

रोमन लिपीत साठवलेली अक्षरे क्रमाने एकापुढे एक ठेवली की शब्द दिसतो. देवनागरीत तसे होत नाही. ‘किती’ या शब्दात आधी ‘क’ साठवला जातो, नंतर ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी ‘क’च्या आधी उमटते. ‘सूर्य’ मधील ‘र’ हा ‘य’च्या आधी साठवला जातो, पण त्याचा रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो. ‘राष्ट्र’ मध्ये तीन व्यंजने एकत्र गुंफली जातात. साठवलेल्या क्रमातून योग्य दृश्यरूप जुळवण्याच्या या क्रियेला आपण ‘अक्षरजुळवणी’ म्हणू. हे काम करणाऱ्या मुक्तस्रोत इंजिनांत ‘हार्फबझ’ हे प्रमुख आहे. क्रोमियम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, जीटीके आणि क्यूटी या सर्वांत त्याचा वापर होतो. मुक्त स्वरूपातील जावानेही नवव्या आवृत्तीपासून ते स्वीकारले.

मराठीला यापुढे जाऊन आणखी एक गोष्ट लागते. पुढील दोन जोड्या पाहा.

आचार्यांना – आचाऱ्यांना
दर्या – दऱ्या

पहिल्या जोडीत एक शब्द गुरुजनांचा आणि दुसरा स्वयंपाक्यांचा. दुसऱ्या जोडीत एक समुद्र आणि दुसरा डोंगरांमधील खोलगट भाग. या शब्दांतील भेद लिपीत दाखवला जातो तो केवळ रफार आणि आडवा अर्धा ‘र’ यांच्याद्वारे. टूलकिटने हा आडवा ‘र’ नीट दाखवला नाही, तर शब्दकोशातील दोन स्वतंत्र नोंदी दिसण्यात एक होतील किंवा दुसरीचे रूप बिघडेल. म्हणून ‘वऱ्हाडी’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ हे शब्द आपल्या परीक्षणात असलेच पाहिजेत.

या कसोटीवर टूलकिटांत भेद दिसतो. जीटीके, क्यूटी आणि इलेक्ट्रॉन यांच्या मुळाशी अक्षरजुळवणीचे इंजिन आहे. डब्ल्यूएक्सविजेट्स मूळ प्रणालीवर विसंबते आणि आजच्या तिन्ही प्रणालींत ही सोय आहे. टीकेच्या ८.६ या मालिकेत मात्र लिनक्सवर मजकूर रेखाटताना अशा इंजिनाचा उपयोग केलेला नाही. त्यामुळे वेलांटी चुकीच्या जागी पडणे, जोडाक्षरे सुटी दिसणे असे दोष येतात. तीच आज्ञावली विंडोजवर तपासली तर हा दोष लक्षात येत नाही. ‘एका प्रणालीवर पाहिले, सर्वत्र चालेल’ हे गृहीतक देवनागरीच्या बाबतीत धोक्याचे ठरते ते यामुळे.

याशिवाय पुढील बाबी तपासाव्यात.

(१) ॲ हे अक्षर : ‘ॲप’ मधील ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. जुन्या फॉन्टमध्ये ते नसल्यास त्या जागी रिकामी चौकट दिसते.

(२) ल आणि श : मराठी आणि हिंदी लेखनात या अक्षरांची वळणे भिन्न आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय मराठी वळण मिळत नाही. जीटीकेच्या मजकूरव्यवस्थेत आणि वेबपद्धतीत मजकुराची भाषा नोंदवण्याची सोय आहे.

(३) उंची : देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षरांच्या खालीही चिन्हे येतात. बटणाची उंची ठरावीक मापाने बांधून टाकली तर अनुस्वार किंवा उकार कापला जातो. मजकुरानुसार आकार घेणारी मांडणी टूलकिटमध्ये असते. ती वापरली जात आहे ना, हे पाहावे.

(४) लेखन व खोडणे : ‘क्ष’ हे एक अक्षर दिसले तरी ते क, हलन्त आणि ष अशा तीन चिन्हांनी साठवले जाते. खोडकळ दाबल्यावर काय पुसले जाते आणि कर्सर कोठे थांबतो, हे प्रत्यक्ष टंकून पाहावे.

येथे टूलकिटची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ‘वऱ्हाडी’ मधील आडवा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही पडद्यावर एकसारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. एका कार्यकर्त्याने एका प्रकारे व दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे शब्द नोंदवला, तर शोध घेताना निम्म्या नोंदी हाती लागणार नाहीत. कोणतेही टूलकिट ही अडचण आपोआप दूर करत नाही. नोंद साठवतानाच दोन्ही रूपे एका रूपात आणण्याचा नियम आपल्यालाच करावा लागतो.

७.२.५ मराठी व्याकरणाची कसोटी

मेनू आणि सूचना मराठीत आणताना केवळ शब्दांना प्रतिशब्द देऊन भागत नाही. इंग्रजीसाठी लिहिलेली आज्ञावली अनेकदा वाक्याचे तुकडे जोडून सूचना तयार करते. मराठीत असे तुकडे जोडता येत नाहीत. याची चार कारणे आहेत.

लिंग : इंग्रजीत नव्या वस्तूसाठी एकच विशेषण पुरते. मराठीत ‘नवा शब्द’, ‘नवी नोंद’, ‘नवे पान’ अशी तीन रूपे होतात. अनुवादकापुढे एकटे विशेषण आले आणि ते कोठे वापरले जाणार हे कळले नाही, तर योग्य रूप देणे अशक्य होते.

वचन : ‘१ नोंद सापडली’, पण ‘५ नोंदी सापडल्या’. येथे नामाबरोबर क्रियापदही बदलते.

सामान्यरूप : आज्ञावलीने नामाची जागा मोकळी ठेवून पुढे केवळ ‘-त’ हा प्रत्यय जोडला, तर ‘नोंदीत’ ऐवजी ‘नोंदत’ असे अशुद्ध रूप तयार होते. ‘पान’चे ‘पानात’ होते, म्हणून ‘नोंद’चेही तसेच होईल, असे समजता येत नाही.

शब्दक्रम : इंग्रजी सूचनेत चालू पानाचा क्रमांक आधी व एकूण पाने नंतर येतात. मराठीत आपण ‘१० पैकी ३ रे पान’ म्हणतो. म्हणजे क्रम उलटतो.

या गरजा भागवण्याची सोय टूलकिटमध्ये किंवा त्यासोबतच्या अनुवादसाधनात हवी. क्यूटीसोबत ‘लिंग्विस्ट’ हे अनुवादकाचे साधन येते. जीटीके आणि डब्ल्यूएक्सविजेट्सवरील आज्ञावली ‘गेटटेक्स्ट’ या पद्धतीच्या अनुवाद-फाइली वापरू शकतात. दोन्ही पद्धतींत वचनानुसार निराळी वाक्ये देता येतात, मोकळ्या जागांचा क्रम बदलता येतो आणि एकाच इंग्रजी शब्दाला प्रसंगानुसार वेगवेगळे अनुवाद देता येतात. तथापि, आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रसंगाची नोंद केली असेल तरच या सोयींचा उपयोग होतो. सामान्यरूपाच्या बाबतीत तर पूर्ण वाक्य लिहिणे हाच निर्दोष उपाय आहे. हा आग्रह आरंभीच धरावा, कारण पुढे प्रत्येक सूचना शोधून बदलणे जिकिरीचे होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

चूक की बरोबर ते सांगा.
१. साठवलेल्या क्रमानेच देवनागरी अक्षरे पडद्यावर उमटतात.
२. एकसारखे दिसणारे दोन मराठी शब्द संगणकात भिन्न प्रकारे साठवलेले असू शकतात.
३. नामाला प्रत्यय जोडून तयार केलेली सूचना मराठीत नेहमी शुद्ध ठरते.

७.२.६ परवाना आणि स्वामित्व

टूलकिट दुसऱ्याने लिहिलेले असते; ते कोणत्या अटींवर वापरता येते, हे परवाना ठरवतो. क्यूटीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९६ मध्ये माथियास एट्रिश यांनी केडीई प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा क्यूटीचा परवाना मुक्त आज्ञावलीच्या कसोटीस उतरत नव्हता. सर्वांसाठी खुल्या असलेल्या डेस्कटॉपचा पाया एका कंपनीच्या अटींवर असावा काय, असा वाद उत्पन्न झाला. त्यातूनच १९९७ मध्ये जीटीकेच्या पायावर ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू झाला. १९९८ मध्ये ट्रोलटेक आणि केडीई यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केले, जेणेकरून कंपनीने मुक्त आवृत्ती थांबवली तरी टूलकिट समाजाला उपलब्ध राहावे. २००० मध्ये लिनक्सवरील क्यूटीला जीपीएल आणि २००९ मध्ये एलजीपीएल हा परवाना मिळाला.

या दोन परवान्यांतील भेद असा. जीपीएल टूलकिटवर उभारलेली आज्ञावली इतरांना द्यायची, तर तिचा स्रोतही त्याच अटींवर खुला करावा लागतो. एलजीपीएलमध्ये टूलकिटमधील आपले बदल खुले करावे लागतात आणि वापरकर्त्याला टूलकिटची दुसरी आवृत्ती जोडता येईल अशी मुभा ठेवावी लागते. परंतु आपली आज्ञावली बंद ठेवता येते. जीटीकेचा परवाना एलजीपीएल आहे. डब्ल्यूएक्सविजेट्सचा परवाना त्याहून अधिक मोकळीक देतो. टीके आणि इलेक्ट्रॉन यांचे परवानेही सैल आहेत. एकाच टूलकिटच्या दोन जोडण्यांतही भेद असू शकतो : पायक्यूटी जीपीएल किंवा व्यावसायिक परवान्यावर मिळते, पायसाइड एलजीपीएलवरही मिळते.

परवान्याइतकेच स्वामित्वही महत्त्वाचे आहे. क्यूटी २००८ मध्ये नोकियाकडे गेले, २०१२ मध्ये डिजियाकडे आणि २०१४ पासून ‘द क्यूटी कंपनी’कडे आहे. मालक बदलले तरी टूलकिट टिकले. याचे एक कारण त्याची मुक्त आवृत्ती आणि तिच्यावर अवलंबून असलेला मोठा समुदाय हे आहे. शब्दसंग्रहाचे काम दहा-वीस वर्षे चालते. तेवढ्या काळात टूलकिट कोण सांभाळेल, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

७.२.७ निवड बदलावी लागते तेव्हा

टूलकिट मध्येच बदलणाऱ्या प्रकल्पांतून पुष्कळ शिकता येते. दोन उदाहरणे पाहू.

वायरशार्क : संगणकजाळ्यातील वहन तपासणारी ही आज्ञावली जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ‘इथीरिअल’ या नावाने प्रसिद्ध केली. तिचा दृश्य भाग जीटीकेवर होता. लिनक्सवर तो ठीक चाले, परंतु मॅकवर एक्स-विंडो ही वेगळी व्यवस्था मध्ये घालावी लागे आणि आज्ञावली परकी भासे. अखेर क्यूटीकडे जाण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबर २०१५ मधील २.० या आवृत्तीत क्यूटीचा इंटरफेस मुख्य झाला. जुना इंटरफेस पूर्णपणे काढला गेला तो २०१९ मधील ३.० या आवृत्तीत. म्हणजे काही वर्षे दोन्ही इंटरफेस सांभाळावे लागले.

सबसरफेस : लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी पाणबुडीच्या छंदातील नोंदींसाठी २०११ मध्ये ही आज्ञावली जीटीकेवर सुरू केली. पुढे तिची धुरा डर्क होंडेल यांनी वाहिली. डिसेंबर २०१३ मधील ४.० ही आवृत्ती क्यूटीवर आली. होंडेल यांनी पुढे जाहीर व्याख्यानात या स्थित्यंतराची कारणे सांगितली. लिनक्सेतर प्रणालींवरील अडचणी, कागदपत्रांतील उणिवा आणि मदत करणाऱ्या समुदायाचा प्रतिसाद यांवर त्यांचा भर होता.

यावरून जीटीके वाईट आणि क्यूटी चांगले असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. गिम्प आजही जीटीकेवर आहे. लक्षात घ्यायचे ते असे, की दोन्ही प्रकल्पांना आपले वापरकर्ते कोणत्या प्रणालींवर आहेत, याचे उत्तर आरंभी निराळे होते आणि पुढे ते बदलले. आपले वापरकर्ते कोण, हे नीट ठरवल्यानंतरच टूलकिटचा विचार सुरू होतो.

७.२.८ निवडीची पद्धत : वऱ्हाडी शब्दसंग्रह

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळू. पुढील पायऱ्यांनी निर्णय घेता येईल.

पायरी १ : गरजा लिहून काढणे. तिन्ही प्रणाली, इंटरनेटविना काम, जुने संगणक, शुद्ध देवनागरी, मराठी मेनू, विभागातील मदतनीसाला पायथन येते, संग्रह सर्वांना विनामूल्य द्यायचा आहे.

पायरी २ : तडजोड नसलेल्या अटी वेगळ्या काढणे. तिन्ही प्रणालींवर शुद्ध देवनागरी ही अशी अट आहे. तिच्यामुळे टीके बाद होते; सोपेपणा हा गुण असला तरी तो येथे कामी येत नाही. जुन्या संगणकांच्या अटीमुळे इलेक्ट्रॉन मागे पडते.

पायरी ३ : छोटा नमुना करून पाहणे. उरलेल्या जीटीके, डब्ल्यूएक्सविजेट्स आणि क्यूटी यांपैकी दोहोंत एकच खिडकी तयार करावी : एक लेखनचौकट, एक यादी, एक बटण. तीत परीक्षणाचे शब्द टंकावेत : वऱ्हाडी, आचार्यांना, आचाऱ्यांना, राष्ट्र, द्वंद्व, आर्द्रता, ज्ञान, ॲप. हे तिन्ही प्रणालींवर पाहावे आणि पडद्याची चित्रे जतन करावीत. ही चित्रे मराठीच्या अभ्यासकाने तपासावीत.

पायरी ४ : परवाना व देखभाल पाहणे. संग्रह खुला असल्याने येथे तिन्हींचे परवाने चालतात. मॅक आणि विंडोजवर आज्ञावली बांधून देण्याचा खटाटोप, पायथनमधील सोय आणि अनुवादसाधन यांचा विचार करता पायसाइडद्वारे क्यूटी हा पर्याय या गरजांना जवळचा ठरतो. विभागाचे सर्व संगणक लिनक्सवर असते, तर जीटीकेचे पारडे जड झाले असते. दृष्टिहीन कार्यकर्ते संग्रहात सहभागी असते, तर प्रणालीचेच घटक वापरणाऱ्या डब्ल्यूएक्सविजेट्सचा विचार अग्रक्रमाने करावा लागला असता.

पायरी ५ : माहिती आणि दृश्य भाग अलग ठेवणे. शब्द, अर्थ, उच्चार, गावाचे नाव ही माहिती युनिकोडमध्ये, कोणत्याही टूलकिटवर अवलंबून नसलेल्या स्वरूपात साठवावी. शोध आणि वर्णक्रम यांचे नियमही वेगळे लिहावेत. तसे केल्यास उद्या टूलकिट बदलावे लागले तरी संग्रह सुरक्षित राहील. टूलकिट जुने होईल. एखाद्या वृद्ध स्त्रीने सांगितलेला शब्द पुन्हा सांगायला कदाचित कोणी नसेल.

पायरी ६ : निर्णयाचे टिपण. काय निवडले, काय नाकारले आणि का, हे एका पानावर लिहून ठेवावे. पुढे काम हाती घेणाऱ्याला परिस्थिती बदलली आहे की नाही, हे त्यावरून ठरवता येते.

७.३ सारांश

टूलकिट हा पडद्यावरील घटकांचा तयार संच असून आज्ञावलीची रचना त्यानुसार घडते. म्हणून तो बदलणे खर्चिक असते. काही टूलकिटे प्रणालीचे घटक वापरतात, काही स्वतः रेखाटतात. मराठी आज्ञावलीसाठी अक्षरजुळवणी, आडवा अर्धा ‘र’, लिंग-वचन, सामान्यरूप आणि शब्दक्रम या कसोट्या आवश्यक आहेत आणि त्या घेण्यास मराठीचा अभ्यासकच समर्थ असतो. परवाना, स्वामित्व आणि वापरकर्त्यांच्या प्रणाली यांचाही विचार करावा लागतो. गरजा निश्चित करून, छोटा नमुना सर्व प्रणालींवर तपासून आणि माहिती अलग ठेवून घेतलेला निर्णय दीर्घकाळ उपयोगी पडतो.

७.४ पारिभाषिक शब्द

आज्ञावली : संगणकाने करावयाच्या कामाच्या सूचनांचा संच.
टूलकिट : खिडक्या, बटणे, मेनू इत्यादी घटकांचा तयार संच.
बहुमंचीय : एकाहून अधिक संगणकप्रणालींवर चालणारे.
अक्षरजुळवणी : साठवलेल्या चिन्हांपासून योग्य दृश्यरूप तयार करण्याची क्रिया.
मुक्तस्रोत : ज्याचा स्रोत पाहण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा आहे असे.
परवाना : वापराच्या अटींचा दस्तऐवज.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) स्विंग (२) जीटीके (३) क्रोमियम
प्रश्न २ : (१) चूक (२) बरोबर (३) चूक

७.६ स्वाध्याय

१. टूलकिटांचे दोन मार्ग सांगून त्यांचे गुणदोष उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘टूलकिटच्या निवडीत मराठीच्या अभ्यासकाचा सहभाग आवश्यक आहे.’ या विधानाची चर्चा करा.
३. मराठीतील सामान्यरूपामुळे सूचनांच्या अनुवादात येणाऱ्या अडचणी पाच उदाहरणांनी दाखवा.
४. टिपा लिहा : (अ) जीपीएल व एलजीपीएल (आ) वायरशार्कमधील स्थित्यंतर.

७.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या किंवा जवळच्या ग्रंथालयातील संगणकावर कोणत्याही तीन आज्ञावली उघडा. प्रत्येकीच्या लेखनचौकटीत पायरी ३ मधील आठ शब्द टंका. शब्द कसे दिसतात, खोडकळ दाबल्यावर काय पुसले जाते, शोध घेतल्यावर शब्द सापडतो का, याची नोंद तक्त्यात करा. आढळलेल्या प्रत्येक दोषाचे मूळ फॉन्टमध्ये, टूलकिटमध्ये की साठवणीत असावे, याविषयी आपला तर्क दोन-तीन वाक्यांत लिहा आणि तक्ता संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.